सोमवारचं भांडण

हवानाच्या आमच्या गल्लीत इंटरनेट येतं ते माझ्या पिशवीतून. दर सोमवारी मी घरोघरी हार्डडिस्क फिरवते. तिच्यात सिनेमे, गेम आणि लोकांनी एकमेकांसाठी लिहून टाकलेली मतं. गेम कॉम्प्युटरवर खेळावा की मोबाइलवर, यावरून ओस्निएल आणि त्याचा शेजारी लिव्हान तीन वर्षं त्या डिस्कमधून भांडतायत. याची शिवी या सोमवारी, त्याची पुढच्या. सकाळची कॉफी मात्र एकत्र, तेव्हा त्या विषयाचं नाव नाही.

परवा लिव्हान कायमचा माद्रिदला गेला.

"रडतोस काय घोड्या," मी ओस्निएलला म्हटलं, "तिकडे धो धो इंटरनेट आहे, तू चौकातल्या वायफायवर जाऊन बस. आता रोज भांडा!"

"रोज? राग निवायला आठवडा नको? दोन दिवसांत मैत्री तुटेल, ताई!" त्यानं पेनड्राइव्ह पुढे केला. "माद्रिदला जाणारं कुणी बघ. घाई नसलेलं."