बाहेरचा सामना

दोन-एक. शेवटची शिट्टी वाजली आणि शिंप्याच्या दुकानात रेडिओभोवती दाटलेली माणसं एकमेकांकडे बघतच राहिली. जिंकल्यावर काय करायचं असतं ते विसरून गेल्यासारखी. मग न्हाव्याने शिंप्याला मिठी मारली, कुणीतरी कापड मोजायच्या लाकडी गजाने टेबलावर ठेका धरला आणि बघता बघता अख्खी गल्ली घराबाहेर आली.

वरच्या मजल्यावर काकूंच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. जिन्यावरून वाकून त्यांनी विचारलं, खरंच का. शिंप्याने आधी दोन बोटं वर केली, मग एक. काकूंना रडूच आलं. याआधी सहा वेळा ही बातमी त्यांनी आत नेली होती. खरी होती ती आजच.

आत काका झोपून होते. मागच्या मैदानावर एकतीस वर्षं त्यांनी चुन्याच्या रेषा आखल्या. दोरी न धरता ते मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात आणि मागे रेषा सरळ उमटत जाई. त्या काळी लोक केवळ ते बघायला सामन्याच्या अर्धा तास आधी येऊन बसत. तीन महिन्यांपूर्वी काका इस्पितळातून घरी आले. निघण्याआधी डॉक्टरांनी काकूंना खोलीबाहेर बोलावलं आणि पाण्याच्या पिंपाशी उभं करून हळू आवाजात सांगितलं, आता करण्यासारखं काही उरलं नाही; फार तर पाच-सहा महिने. काकूंनी तिथेच तोंड धुतलं. आत येऊन म्हणाल्या, डॉक्टर खूश आहेत, औषधं नीट घेतलीत तर मोसम संपायच्या आत मैदानावर चालत जाल.

त्याच आठवड्यात गावचा फुटबॉलचा संघ बाहेरच्या मैदानावर चार-शून्य हरला. न्हावी काकांची दाढी करायला घरी आला होता. काकांनी निकाल विचारला आणि काकूंच्या तोंडून निघून गेलं, जिंकले, एक-शून्य. न्हाव्याचा वस्तरा काकांच्या गळ्यापाशी थांबला. मग पुन्हा सावकाश फिरू लागला. शेवटच्या मिनिटाला, तो म्हणाला, कॉर्नरवरून.

घरच्या सामन्यांचं खोटं सांगता येत नव्हतं. मैदान दोनच गल्ल्या मागे. तिथला सामना काका पडल्या पडल्या कानांनी बघत. हरून परतणारी माणसं बोलत नाहीत, नुसते पाय वाजतात. तो आवाज काकांना पाठ होता. पण बाहेरचा सामना दूरच्या गावी. तिथून इथवर काही ऐकू येत नाही. काकूंना तेवढीच जागा मिळाली आणि ती त्यांनी धरून ठेवली.

रेडिओ बिघडल्याचं सांगून काकूंनी तो खाली शिंप्याकडे दिला. काकांना बारीक अक्षर दिसत नसे. पेपर काकू वाचून दाखवत, त्यात नसलेलंही. हळूहळू सगळी गल्ली सामील झाली. न्हावी तर स्वतः बघून आल्यासारखा गोल असे रंगवायचा की काकूंनाही वाटावं, खरंच झाला असेल. काका गोलांपेक्षा मैदानाचीच चौकशी जास्त करत. गवत कापलेलं होतं का, रेषा ठळक होत्या का. न्हावी म्हणे, तुमचा हात कुठून आणणार काका, तिथलं मधलं वर्तुळ लांबून बटाट्यासारखं दिसतं. काका पोट धरून हसत. एकदा त्यांनी विचारलं, बाहेर जिंकतात तर गल्लीत इतकी शांतता कशी. न्हाव्याने वस्तरा पुसत उत्तर दिलं, लोकांना सवय झाली. या पोरांचं सगळं उलटंच, काका म्हणाले, परक्याच्या दारात गेल्यावरच अंगात येतं. आणि कडू औषधाचा चमचा त्यांनी तक्रार न करता घेतला.

आज काकू दारातूनच बोलल्या. "अहो, जिंकले. दोन-एक."

दर वेळी ही बातमी सांगताना त्यांचा आवाज सपाट असे. आज तो कापत होता. काकांनी उशीवरून मान उचलून त्यांच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे.

खिडकी उघडी होती. खाली न्हावी कुणाच्या तरी खांद्यावर चढला होता आणि घसा फुटेस्तोवर ओरडत होता. आधी नुसताच आवाज आला. मग शब्द कळू लागले. "पहिला! अख्ख्या मोसमात बाहेरचा पहिला!" बाकीच्यांनी तोच शब्द उचलला. पहिला, पहिला, पहिला. टाळ्या त्याच तालावर पडू लागल्या.

काकूंनी धावत जाऊन खिडकी लावून घेतली. खालून न्हाव्याने ती लागताना पाहिली. त्याचा हात तोंडावर गेला. मग खांद्यावरून उतरून तो एकेकाला गप्प करत सुटला. टाळ्या विरल्या. गल्लीत कोणी बोलेना. माणसं आपापल्या घरी परतू लागली आणि खोलीत नुसते पाय ऐकू येऊ लागले.

काकूंनी कडीवरचा हात काढला नाही. मागे वळायचा धीर होत नव्हता.

"सहाही खोटे?" काकांनी विचारलं.

काकूंनी होकाराची मान हलवली.

 काका रागावले नाहीत. उशाशी ओळीने ठेवलेल्या बाटल्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी पांघरूण जरा सारून खाटेच्या कडेला जागा केली आणि पूर्वी सामना हरल्यावर खेळाडूंशी बोलत तशा समजुतीच्या आवाजात म्हणाले,

"इकडे ये, बस. आता सांग, डॉक्टर तुला बाहेर काय म्हणाले?"