पहिल्या दिवसापासूनची फॅन

लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या इनडोअर फुटबॉल टीमचा सगळा इतिहास वेबसाइटच्या एका पानात मावला. २००१ साली सुरुवात, कप एकही नाही, २००७ च्या मार्चमध्ये शेवट. पगारी खेळाडूंची टीम म्हणून मिरवायचो, पण बघायला येणारे हळूहळू आटले.

ते पान मी लिहीत असताना आमचा कॅप्टन जय एका ओळीसाठी अडून बसला. "श्यामलाआजीचा नाव पाहिजेच. बाकी सगळा डिलीट कर. ती एक पण मॅच मिस नाही केला."

खरं होतं ते. मॅचच काय, आजी साध्या प्रॅक्टिसलाही यायच्या. वरच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून, कायम त्याच खुर्चीवर. आम्ही हरलो तरी दिवे बंद होईपर्यंत उठायच्या नाहीत.

शेवटच्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या सह्यांची जर्सी घेऊन आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. आजी कोट, मफलर, हातमोजे घालूनच दारात आल्या. बाहेर निघाल्या असतील, असं वाटलं.

"आजी, आपला टीम बंद झाला," जय कसाबसा म्हणाला.

आजींनी जर्सी घेतली आणि कोटावरूनच अंगात चढवली.

"मग हॉलमध्ये आता कोण येणार?"

"बॅडमिंटन क्लब."



"ते हीटर लावतात ना रे?"