पाऊल मागे

बढती हवी तर घोड्यासोबत नेतृत्वाचा कोर्स पास करा, असं कंपनीने हेडक्लार्कना कळवलं.

"घोड्यावर बसायचं नाही, त्याला विश्वासात घेऊन समोर उभं राहायचं. जो दुसऱ्याला पाऊल मागे घ्यायला लावेल, तो साहेब," प्रशिक्षकाने बजावलं.

तासभर हेडक्लार्क जागचे हलेनात, घोडाही ढिम्म. मग कुठूनशी एक माशी आली; आधी घोड्याच्या नाकावर बसली, नंतर हेडक्लार्कच्या, आणि दोघंही पाऊलभर मागे सरले.

"नियम म्हणजे नियम," म्हणत प्रशिक्षकाने निकाल लिहिला.

"आता कुठे माशी शिंकली?" घरी उतरलेलं तोंड बघून बायकोने विचारलं.

"शिंकली नाही गं, बसली."

 

सोमवारी ऑफिसच्या फळ्यावर सूचना लागली: "नव्या मॅडम आज रुजू होत आहेत. स्वागताला कुणीही टाळ्या वाजवू नयेत."