थोरलीच्या पाठीवरचा पंजा

"थांब," म्हातारा म्हणाला. "तिथे खरवडू नकोस."

पेंटरचा हात थोरलीच्या पाठीवर थबकला. थोरली म्हणजे अग्निशमन केंद्रातली सगळ्यात जुनी पाण्याची गाडी. तिच्यामागून आलेल्या मधली आणि धाकटी केव्हाच भंगारात गेल्या. थोरली तेवढी वाचली, कारण तिला भंगारात काढायचा हुकूम कुठल्याशा टेबलावर गहाळ झाला. आता साहेबांनी तिला इतिहासात काढायचं ठरवलं होतं. फाटकाशेजारी चौथरा, चौथऱ्यावर थोरली, समोर पाटी. संध्याकाळी उद्घाटन होतं आणि रंगकाम अजून चालूच होतं. पाहुण्यांनी गाडीला हात लावू नये, असा फलक मात्र वेळेवर तयार झाला होता.

म्हातारा थोरलीचा ड्रायव्हर. त्याला इतिहास सांगायला बोलावलं होतं. घोडे जोडलेल्या बंबापासून त्याने साहेबांना सगळं सांगितलं, फक्त रंगाच्या गोदामाची आग वगळली. साहेबांनीही ती विचारली नाही. पाटीवर जागा कमी होती.

त्या काळी माणसं गाडीच्या मागच्या फळीवर उभी राहून जायची. शेवटचा माणूस फळीवर चढला की टाकीवर दोन थापा द्यायचा. थापा आल्या की ड्रायव्हरने मागे न बघता निघायचं. धुरात बघून तरी काय दिसणार? शेवटचा माणूस बहुतेक दाजीच असायचा. दाजी म्हणजे ड्रायव्हरच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हा त्याला दाजी म्हणायचा म्हणून सगळं केंद्रच म्हणायला लागलं. "एवढे मेहुणे पोसायची माझी ऐपत नाही रे," असं दाजी चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवायचा आणि चहा मात्र स्वतःच पाजायचा.

गोदामाची भिंत गाडीवर झुकली तेव्हा सगळे फळीकडे धावले. दोन थापा आल्या. ड्रायव्हरने गाडी काढली. मागे भिंत बसली. कोपऱ्यावर उतरून त्याने फळीवरची माणसं पाहिली. सगळी होती. दाजी नव्हता.

चौकशीत तो एकच वाक्य बोलत राहिला, "थापा ऐकल्या, म्हणून निघालो." फळीवरच्या एकानेही थाप दिली नव्हती. त्या गोंधळात ऐकल्याचंही कुणी छातीठोकपणे सांगेना. फळीवर नसलेल्या माणसाने टाकीवर थाप दिली कशी, हे ड्रायव्हरलाही सांगता येईना. खात्याने त्याला समज देऊन सोडून दिलं, आणि काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून थोरलीला नवा रंग दिला.

बहिणीने सोडलं नाही. "घरातून निघताना ते मला 'आलोच' म्हणाले होते," ती म्हणाली. "ते आपणहून मागे राहणारे नव्हते. तू घाबरलास आणि पळालास." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. केस पांढरे झाले, तरी नाही. शेवटी शेवटी त्याची स्वतःचीच खात्री डळमळायला लागली. रात्रभर कानात थापा वाजायच्या आणि सकाळी वाटायचं, आपणच वाजवतोय.

आता जुन्या रंगांचे पापुद्रे निघाले होते आणि तळच्या थरात एक पंजा दिसत होता.

"कुणीतरी ओल्या रंगात हात घातलेला दिसतोय, काका," पेंटर म्हणाला.

रंग ओला नव्हता. आगीने मऊ झाला होता. पंजाची तर्जनी अर्धीच होती. दाजीची तर्जनी पाइपाच्या जोडात सापडून तुटली, तेव्हा त्याला दवाखान्यात यानेच नेलं होतं. आणि पंजा एक नव्हता, एकावर एक दोन होते, किंचित सरकलेले.

म्हातारा हसला. साहेबांना हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

"पण इतक्या खाली?" पेंटर म्हणाला. "ती वरची जागा बघा, थापा खाऊन खाऊन पत्रा दबलाय. हा तिथून हातभर खाली."

म्हाताऱ्याने तोंड मिटलं. तो फळीजवळ जमिनीवर उभा राहिला आणि त्याने हात उचलला. हात नेमका पंजावर आला.

चढून थापा द्यायला वेळ नव्हता. नुसत्या थापा द्यायला होता.

फाटकातून त्याची बहीण काठी टेकत आत येत होती. दाजीची विधवा म्हणून तिला विशेष निमंत्रण होतं, पहिल्या रांगेतली खुर्ची होती. म्हाताऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पंजाकडे. रागवायला तिच्याजवळ आजवर एक भाऊ होता. तो काढून घेतला, तर उरलेलं आयुष्य तिला नवऱ्यावर रागवावं लागलं असतं.

"रंग मार," तो पेंटरला म्हणाला.

"अहो, साहेबांना दाखवू तरी. इतिहास आहे हा."

"मार म्हणतो ना!"

ब्रश फिरला. पंजा लाल झाला, मग दिसेनासा झाला. बहीण जवळ येऊन उभी राहिली.

"एकदाच विचारते," ती म्हणाली. "आता दोघांचेही पाय परतीच्या वाटेला लागलेत. खरं सांग. थापा ऐकल्या होत्यास?"

म्हाताऱ्याने ओल्या रंगाकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "घाबरलो होतो. पळालो."

तिने काठी नसलेल्या हाताने त्याचा दंड धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा घट्ट.

"बघ, दादा," ती म्हणाली. "म्हणजे ते येतच होते."