झाकण काढलेला व्हिडिओ

“अर्ज करण्याआधी हे यंत्र आतून कुणाला दाखवलंय का?” पेटंटचं काम पाहणाऱ्या कामतबाईंनी विचारलं.

“कुणालाच नाही,” आयव्हन ठामपणे म्हणाला आणि सहीसाठी कागद मुग्धाकडे सरकवला. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बिया वेगळ्या करणारं ते यंत्र दोघांनी मिळून बनवलं होतं. कंपनीही दोघांची होती.

मुग्धाच्या हातात पेन तसंच राहिलं. गेल्या महिन्यात चुलतसासू चारचौघांत म्हणाली होती, “नोकरी सोडून ही करते तरी काय?” त्या रागात मुग्धाने यंत्राचं झाकण काढलं, पात्यांची रचना समजावून सांगत व्हिडिओ केला आणि इंटरनेटवर टाकला. चार हजार लोकांनी तो पाहिला. वाहवा वाचताना तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. पण टेबलाकडे बघत तिने सगळं सांगून टाकलं.

कामतबाईंनी चष्मा काढला. “मग त्या पात्यांवर आता हक्क मिळणं कठीण. जगजाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट देत नाहीत.”

आयव्हनने बिनसहीचा कागद घडी करून खिशात ठेवला. बाहेर जिन्यात आल्यावर त्याने बायकोला फोन लावला.

“मरीना, संध्याकाळी शेडवर ये. दोन वर्षं तुला आत येऊ दिलं नाही ना? आज यंत्र उघडून दाखवतो. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही.”

त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. मुग्धाला पुढची पायरी दिसेना.