सदोबांचा भावनांक

"कुणाला सांगून पटायचं नाही, पण माझा भावनांक ब्याण्णव झालाय," सदोबा फोनवर बायकोला म्हणाले. आवाज मात्र दमलेला होता.

गोदाक्का दिवाळीपासून साताऱ्याला लेकीकडे होत्या. माणसाला आत काय वाटतंय आणि ते ओळखून तो कसा वागतो, हे मनगटावरचा मनपट्टा रोज मोजायचा. त्याचा आकडा साठावर गेला की परत येते, असं सांगून त्या गेल्या होत्या. सदोबांचा आकडा बाराच्या वर कधी सरकलाच नव्हता.

"आता राग म्हणून येत नाही बघ. काल शेजाऱ्यानं बांध कोरला, तर मी त्याला बसवून चहा पाजला."

"दिसतंय इथं," लेकीच्या मोबाइलवर आलेला पट्ट्याचा अहवाल वाचत गोदाक्का म्हणाल्या. "दिवसभर शांत. दुपारी डबक्यात बसल्यावर परम समाधान. पेंड बघून आनंद."

"म्हातारपणी चव बदलते माणसाची," सदोबा कसंबसं म्हणाले.

"आणि रोज संध्याकाळी जीव कासावीस. कुणाची तरी वाट बघणं."

सदोबा हळूच म्हणाले, "तेवढं खरं आहे. ते माझंच आहे."

"ते चंद्रीचं आहे. संध्याकाळी तिची धार मी काढायचे. तो पट्टा म्हशीच्या शेपटीवरून सोडा आणि तुमचं काय ते तुमच्या तोंडानं सांगा. मी ऐकतेय."