मागच्या खिशातली माउली

गास गावच्या देवळात कीर्तन संपलं आणि काशीरामची बायको हंसा आरतीचं ताट घेऊन त्याच्यापुढे आली. त्याने पँटच्या मागच्या खिशातून भाजी विकून आलेल्या पैशांतला नवाकोरा रुपया काढला आणि ताटात टाकता टाकता तो थबकला. नाण्यावर चक्क ज्ञानेश्वर माउली! "हंसा, दोन तास मी माउलीवर बसलो गं!" "घेताना बघितला नाय? आता बुवांचे पाय धरा जाऊन," हंसा करवादली. काशीराम कान धरून बुवांपुढे उभा राहिला. गावातलं एकही कीर्तन न चुकवणाऱ्या त्या माणसाला सगळं सांगताना हुंदका आवरेना. बुवांनी नाणं कपाळाला लावलं आणि ते खळखळून हसले. "अरे, माउली म्हणजे आई. लेकरू आईच्या मांडीवर नाही तर कुठं बसणार? तू दोन तास तिच्या मांडीवर बसून कीर्तन ऐकलंस. मी बापडा उभाच होतो!" काशीरामने कान सोडले.